बिनप्रथिनाची डिश

पेशींना जागेवर धरून ठेवणारं प्रथिन म्हणजे जीवसृष्टीचा आधारस्तंभ, असं हेमांगीच्या प्रबंधाचं पहिलं वाक्य होतं. पाच वर्षं ती प्रयोगशाळेत पेशी वाढवायच्या डिशमध्ये ते प्रथिन घालत होती आणि पेशी इमानेइतबारे तळाला चिकटत होत्या. शोधनिबंध छापून आला की पीएचडी पक्की होती. परीक्षकाने एवढंच विचारलं होतं, प्रथिन न घालता काय होतं?

“ते काय बघायचं?” गाईड कानविंदे सर वैतागले. “चिकटणारच नाहीत. पण दाखव बापड्याला.”

हेमांगीने प्रथिनाविना डिश लावली. सकाळी पेशी तळाला घट्ट चिकटलेल्या. डिशचं खोकंच खराब असेल म्हणून ती नवं आणायला स्टोअरमध्ये गेली.

“चिकटणाऱ्या देऊ की साध्या?” स्टोअरवाल्या तांडेलकाकांनी विचारलं.

“म्हणजे?”

“तुम्ही नेता त्या डिशला कंपनीतच लेप लावतात, पेशी धरून बसाव्यात म्हणून. खोक्यावर लिहिलंय की! शिकलेली माणसं तुम्ही, वाचत नाही होय?”

हेमांगीने साध्या डिश नेल्या आणि प्रथिन सढळ हाताने घातलं. दुसऱ्या दिवशी एकूण एक पेशी तरंगत होती.