साक्षीदार क्रमांक चार

"तुमच्या नात्यातले का?" लाल फडक्यातलं जुनं बासन सोडता सोडता रेकॉर्ड रूममधल्या कारकुनाने विचारलं.

"वडील," शर्वाणी म्हणाली. ती सहा वर्षांची असताना ते समुद्रात बुडाले, असंच आईने जन्मभर सांगितलं होतं. महिन्यापूर्वी आई गेली आणि तिच्या पेटीत या खटल्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी सापडली.

निकालपत्राचे कागद पिवळे पडले होते. सख्ख्या भावाच्या खुनाबद्दल वडिलांना जन्मठेप झाली होती. नऊ वर्षांनी कैदी तिथेच वारल्याचं तुरुंगाचं पत्रही मागे जोडलेलं होतं. खून होताना पाहिलं होतं एकाच माणसाने: साक्षीदार क्रमांक चार, आरोपीची मुलगी, वय वर्षं सहा. तिने भर कोर्टात वडिलांकडे बोट दाखवलं होतं. न्यायाधीशांनी लिहिलं होतं, 'मूल निरागस आहे. त्याला कोणी पढवलेलं दिसत नाही.'

खून तिला आठवेना. कोर्टही आठवेना. आठवला तो एक खेळ. आई भिंतीवरचे सगळे फोटो उतरवून जमिनीवर ओळीने मांडायची आणि विचारायची, "काकाला कोणी मारलं?" बोट बाबांच्या फोटोवर पडलं, की लिमलेटची गोळी मिळायची. चुकलं, की पुन्हा पहिल्यापासून.

"नक्कल कुठल्या पानाची हवी, बाई?" कारकून म्हणाला. "नुसतं बोट ठेवा, मी खूण करून घेतो."

शर्वाणीने बोट ठेवलं, आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं.