नटाची पिन

बायकोने बहिणीकडे जायला पिशवी भरली, की नवऱ्याला जुन्या पिकअपच्या पुढच्या चाकातून आवाज ऐकू यायचा. मग गाडी जॅकवर, बेअरिंग ग्रीसमध्ये आणि पिशवी परत कपाटात.

आज चौथी खेप. "बेअरिंग झकास बसलं गं, पण नट सुटू नये म्हणून लावायची पिनच मिळेना. जुनी वाकलेली परत लावत नाहीत."

तिने मूठ उघडली. आत तीन कोऱ्या पिना. "तुमचे शर्ट धुताना खिशात सापडल्या. दर वेळी एक."

त्याने त्यातली एक पिन लावली, चाक फिरवलं. आवाज नाही. ती पिशवी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली.

हात पुसत तो म्हणाला, "जरा उतरतेस? आता मागची चाकं खोलतो."