जवळची खोली

“तळ्याकाठी घर बांध, न्हाई म्हणत न्हाई. पण आप्पाच्या जागेला हात लागला न्हाई पायजे,” नीलाबाई म्हणाल्या. “अन् त्यांच्या डाव्या अंगाला माझी जागा मोकळी ठेवायची.”

“हाव, आई. किती डाव सांगशील?” श्रीशैल म्हणाला.

मरेपर्यंत सांगणार होत्या. औशाजवळचं ते रान त्यांच्या नावावर होतं, तेव्हा सांगायचा हक्कही होता. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, मातीत बसवतात. नीलाबाईंच्या मालकांना, सिद्धरामआप्पांना, याच रानात तळ्याच्या वरच्या अंगाला बसवलं होतं. वर लिंग कोरलेला काळा दगड, आणि पाठीशी नीलाबाईंनी स्वतःच्या हाताने लावलेला बेल. अख्ख्या रानात बेल तो एवढाच. झाड मोठं हट्टी. दरवर्षी मुळातून दगडाभोवती धुमारे काढायचं. ते उपटता उपटता नीलाबाई म्हणायच्या, “मालकावर गेलंय.”

श्रीशैलचं लातुरात हार्डवेअरचं दुकान. उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येईल याची वाट बघण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला पाण्याकाठच्या घराचं वेड लागलं तर नवल काय? त्याने नकाशा आईपुढे पसरला.

“तुझी खोली खालीच हाय. पायऱ्या न्हाईत, न्हाणीघर लागूनच. आप्पाच्या अगदी जवळ.”

नीलाबाईंचा ऊर भरून आला. पोरगं कधी दोन शब्द धड बोलायचं नाही, पण आईच्या मनातलं त्याने बरोबर ओळखलं होतं. त्यांनी सही केली.

मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पाया खणताना त्या लातुरातच अडकल्या. श्रीशैल मोबाइलवर फोटो दाखवायचा. भिंती दिसत, खिडक्या दिसत. आप्पाची जागा दाखव म्हटलं की म्हणायचा, “तिकडं वाळूचा ढीग टाकलाय आता. काय दिसंना.”

जुना गवंडी चन्नबसप्पा पाया भरायच्या आधीच काम सोडून गेला. “सोलापुरात मोठं काम गावलं त्याला,” श्रीशैलने सांगितलं. पुढे नीलाबाई काठी घेऊन हिंडायला लागल्यावर चन्नबसप्पा त्यांना औशाच्या बाजारात भेटला. वाकून पाया पडला. काम का सोडलंस म्हणून विचारताच एसटी चुकंल म्हणाला आणि गर्दीत शिरला. नीलाबाईंना राग आला. एवढी वर्षं घरचं मीठ खाऊन माणसं अशी पाठ फिरवतात.

मे महिन्यात सगळे राहायला आले. घर खरंच देखणं झालं होतं. पुढे ओसरी, ओसरीवर झोपाळा, आणि समोर पाणीच पाणी. सून मंजुश्री धपाटे थापायची, नात सृष्टी ट्यूब घेऊन पाण्यात डुंबायची ती जेवायलाही बाहेर निघायची नाही.

आप्पाची जागा रानाच्या कडेला होती. भोवती ग्रॅनाइटचा कट्टा, आणि डाव्या अंगाला मोकळी जमीन. सांगितलं होतं तसंच. पण बेल दिसेना.

“जेसीबीचा धक्का लागला, आई. नवा लावलाय बघ.”

नवं रोप नर्सरीतलं, दोरीने काठीला बांधलेलं. नीलाबाईंना वाईट वाटलं. पण झाडाचं जाऊ द्या, माणूस जागच्या जागी आहे ना, अशी त्यांनी समजूत घातली. पूर्वी इथे उभं राहिलं की पलीकडच्या देवळाचा कळस दिसायचा, आता मध्ये बाभळी येत होत्या. रान सपाट केलं की नजर चुकतेच, शिवाय त्यांचा मोतीबिंदू.

रोज त्या दगडाला पाणी घालायच्या, विभूती लावायच्या आणि आप्पांशी बोलत बसायच्या. पोराचं कौतुक सांगायच्या.

“मला बी हितंच बसवा बरं का,” एकदा जेवताना त्या सृष्टीला म्हणाल्या.

“आई, जेवू दे की सुखानं,” श्रीशैल एकदम खेकसला आणि ताट सारून उठला. मायेपोटीच चिडतो, असं नीलाबाईंना वाटलं.

थोड्या दिवसांनी त्यांच्या न्हाणीघरातली कोपऱ्याची फरशी आपोआप वर उचलली गेली.

“नव्या घराची फरशी अशी कशी उचलली हो?” मंजुश्रीने विचारलं. “मिस्तरीला बोलवा की.”

“मिस्तरी कशाला? मी करतो.”

जन्मात थापीला हात न लावलेला माणूस सिमेंट कालवून आत गेला आणि दार लावून घेतलं. बाहेर आला तेव्हा घामाने निथळत होता. नीलाबाईंनी पदराने त्याचं तोंड पुसलं.

“म्हातारीपायी किती करायलास रे,” त्या म्हणाल्या. तो थापी धुवायला निघून गेला.

जून लागला. शाळेची वेळ झाली, सामान गाडीत गेलं. निघायच्या दिवशी नीलाबाई सावकाश आंघोळीला बसल्या. अख्खा उन्हाळा त्या याच स्टुलावर बसून, डोक्यावरून पाणी घेत, आप्पांचं नाव घेत आल्या होत्या. साबणाचं पाणी कोपऱ्याकडे निघालं. श्रीशैलने लिंपलेलं सिमेंट तडकलं होतं आणि फटीतून कोवळं काहीतरी वर आलं होतं. गवत असेल, जाता जाता काढून टाकावं, म्हणून त्यांनी ते चिमटीत धरलं. काटा टोचला.

“आई, पाणी पुरलं का? अजून देऊ?” दाराबाहेरून श्रीशैल विचारत होता.

नीलाबाईंनी खाली वाकून बघितलं. एका देठाला तीन पानं होती.