सहाशे बारा

मोजयंत्राच्या काचेच्या नळ्यांतले नारिंगी आकडे ६१२ वर थांबले.

विजयमालाने आप्पांच्या मनगटांवरच्या पट्ट्या सोडल्या, त्यांखालचा कापूस मिठाच्या पाण्यात पुन्हा भिजवला आणि पट्ट्या आवळून बांधल्या. ६११. मग ६१२. पुन्हा ६१२.

रविवारची दुपार. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बापलेकीखेरीज कोणी नव्हतं. हे मोजयंत्र तिनेच जुळवलेलं. आप्पांच्या छातीतल्या पेसमेकरचा ठोका सुरू झाला की मोजणी सुरू, ठोका संपला की बंद. तेवढ्यात यंत्रातल्या स्फटिकाची जितकी स्पंदनं होतील, तो आकडा. बॅटरी थकली की ठोका लांबत जातो, असं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पाचशे ठीक. साडेपाचशेच्या वर गेला, तर त्याच दिवशी निघायचं.

मागच्या महिन्यात ५०१ होता.

“काय म्हणतंय गं तुजं यंत्र?”

“सहाशे बारा.”

“शेवटचा आकडा एकानं चुकतो म्हणालीस की.”

“एकानं, आप्पा. एकशे बारानं नाही.”

आप्पांनी मिलमध्ये तीस वर्षं जॉबरकी, म्हणजे कामगारांवरची मुकादमी, केली होती. “मग आदी मीटर तपास. लई बघितलंय मी. मीटर चुकतंय आन् बोलणी माणूस खातोय.”

तसंच निघू दे, असं तिला वाटलं. आपल्या हातचं काम चुकलेलं असावं, अशी इच्छा तिला आजवर कधी झाली नव्हती. तिने आप्पांच्या पट्ट्यांच्या तारा यंत्रातून काढून टेबलावर ठेवल्या आणि त्यांच्या जागी तपासणीची पेटी जोडली. ही पेटी नेमका पाचशेचा ठोका देई. तिने बटण दाबलं.

५००.

५००.

५००.

यंत्र बिनचूक होतं.

आप्पा खुर्चीतून पुढे वाकले. चष्मा सावरून त्यांनी आकडा वाचला आणि केव्हाचा रोखलेला श्वास सोडला.

“आली की गाडी जाग्यावर! पाचशे! आगं, ठणठणीत हाय मी. उगं जीव घाबरा केलास.”

विजयमालाने प्रयोगशाळेच्या दाराची किल्ली शोधली. ती हातातच होती.

“आप्पा, चपला घाला. मुंबईची गाडी अजून मिळेल.”

“आता कशाला?” ते आकड्याकडेच बघत हसत होते.

त्यांच्या मनगटांवरून आलेल्या दोन तारांची टोकं टेबलावर मोकळी पडली होती.