बावीस गावं

लाल दिवा लागलेला असतानाच केंद्रप्रमुख स्टुडिओत शिरले. माइक चालू होता, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. त्यांनी निवेदिकेसमोर एक कागद ठेवला, त्यावर दोनदा बोट आपटलं आणि आले तसे फोनकडे पळाले.

श्रोत्यांच्या पत्रांना उत्तर देता देता तिनं कागद उचलला. वरचा शब्द ठसठशीत होता, तेवढा डोळ्याच्या कडेनं कसाबसा लागला. 'इशारा'. त्याखाली नुसती राख सांडल्यासारखं दिसत होतं.

वर्षभरापासून तिच्या नजरेच्या मधोमध धुरकट डाग बसला होता. कडेचं दिसायचं. त्यामुळे ती जिना चढायची, दार उघडायची, कपात चहा ओतायची. अक्षरं आणि चेहरे मात्र गेले होते. केंद्रावर कुणाला पत्ता नव्हता. रोज संध्याकाळी सून दुसऱ्या दिवसाचं सगळं मोठ्यानं वाचायची आणि सासू ते पाठ करायची.

"आई, सांगून टाका ना एकदाचं," सून म्हणायची.

"सांगितलं की फायलींच्या खोलीत बसवतील. सव्वीस वर्षांची खुर्ची आहे, सुखासुखी नाही सोडायची."

आजचा दिवसही तिनं असाच रेटत आणला होता. हवामान खात्याचा फोन स्वतः घेतला, लिहून घेतल्याचं नाटक केलं आणि ऐकलेलं जसंच्या तसं सांगितलं. मग शेतीचा सल्ला, दुपारची श्रुतिका, ताऱ्यांवरचं भाषण. सगळ्यांची ओळख तोंडपाठ. आरोग्याच्या गप्पांना यायचे डॉक्टर ऐन वेळी तापानं आडवे झाले, तेव्हा ती दहा मिनिटं मनानंच बोलली. पानं मात्र जिथल्या तिथं उलटली.

आता हा कागद. हा कुणी वाचून दाखवलेला नव्हता.

रेडिओवर पाच सेकंद शांतता झाली की ऐकणारा आधी रेडिओला थापट मारतो. इथे सात झाली. काचेपलीकडे यंत्रांपाशी बसणारे तंत्रज्ञ, ज्यांना सगळे बटणमामा म्हणत, दोन्ही हात हलवू लागले. एखादं जुनं रेकॉर्डिंग लावायला सांगावं, बाहेर जाऊन कागद ऐकावा, पाठ करावा? पण कागद वरपासून खालपर्यंत भरलेला होता. पाठ व्हायला अर्धा तास तरी गेला असता. इशारा कशाचा तेच ठाऊक नव्हतं, मग अर्धा तास हाताशी आहे असं कशाच्या जोरावर धरायचं?

तिनं माइक चालूच ठेवला आणि मामांना हातानं आत बोलावलं.

"मामा, मला वाचता येत नाही. दिसतच नाही. हे मला सांगा."

मामा कागदाकडे बघत राहिले, मग तिच्याकडे. "ताई, मग मीच वाचू का?"

"माझा आवाज लोकांच्या ओळखीचा आहे. तो ऐकून उठतील. डोळे तुमचे, आवाज माझा. चला." मग ती माइककडे वळली. "श्रोतेहो, आत्ता ऐकलंत ते खरं आहे. माझी नजर अधू झाली आहे. माझे सहकारी एकेक ओळ मला सांगतील, मी तुम्हाला सांगेन. मध्ये मध्ये थांबेन. रेडिओ बंद करू नका."

वरच्या धरणाचे सगळे दरवाजे संध्याकाळी साडेसहाला उघडणार होते. नदीकाठची बावीस गावं त्याआधी रिकामी करायची होती. कोणत्या गावानं कोणत्या वाटेनं कोणत्या उंचवट्यावर जायचं, तेही लिहिलेलं होतं. मामा कानाशी पुटपुटायचे, ती बोलायची. गाव. मग थांबायचं. वाट. पुन्हा थांबायचं. नवव्या गावाशी मामांचा चष्मा घसरला आणि वाट चुकली. "चुकलं, पुन्हा सांगते," ती म्हणाली आणि तिनं ते गाव पुन्हा सांगितलं. बावीस गावांना तेरा मिनिटं लागली.

लाल दिवा विझला तेव्हा केंद्रप्रमुख दारात उभे होते.

"कधीपासून, बाई?"

"वर्षभरापासून, साहेब."

"निवेदकाला वाचता आलंच पाहिजे, असा नियम आहे."

"नियम ठाऊक होता म्हणूनच लपवलं. आज ठाऊक असूनच बोलले. काय करायचं ते उद्या करा. आता मुलांचा कार्यक्रम आहे, तो मला पाठ आहे."

ते बाजूला झाले. तिनं मुलांचा कार्यक्रम केला, त्यानंतरची मुलाखतही केली. घरी मात्र गेली नाही. फोनशेजारच्या बाकावर बसून राहिली. समोरच्या बाकावर मामा बसले. पावणेसातला पाणी खालच्या गावांत शिरल्याचं कळलं, त्यापुढचं काहीच कळेना.

सव्वासातला फोन वाजला. केंद्रप्रमुखांनी तो घेतला, क्षणभर ऐकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा त्याचा आवाज मोठा केला. अगदी शेवटच्या, सगळ्यात सखल गावातली एक म्हातारी टेकडीवरच्या शाळेतून बोलत होती. मागे पोरांचा गलका होता.

"ती थांबून थांबून बोलणारी तूच का गं?"

"हो, मावशी. पोचलात का सगळे?"

"झाडून सगळे! एरवी तुमची माणसं पाठीमागे वाघ लागल्यासारखी वाचत सुटतात, निम्मं डोक्यावरून जातं. आज तू थांबलीस की तेवढ्यात मी ओट्यावरून ओरडून अख्ख्या आळीला सांगत होते. पोरी, तुला वाचता आलं नाही, म्हणून आम्ही वाचलो."