आत घेतलेला गाल

गोल चेहऱ्याला गालाच्या हाडाखाली गडद छटा दिली की गाल आत गेल्यासारखा दिसतो, हे पार्लरवाल्या ताईच्या हाताला पाठ होतं. आज खुर्चीत तिची धाकटी बहीण होती.

“ताई, गाल अगदी आत घे हं!”

ताईने एका गालावर ब्रश फिरवला. गाल जरा जास्तच बसलेला दिसला, म्हणून तिने कापसाने रंग पुसून काढला. रंग निघाला. खळगा तसाच राहिला.

ताईने गाल चाचपला, तर बोटांना थेट दात लागले.

“दुखतंय का गं?”

“छे! उलट हलकं हलकं वाटतंय.”

ताईच्या हातातला कापूस मात्र जड झाला होता, आणि कोमट.

बहिणीने खुशीत दुसरा गाल पुढे केला.