पहिली गाठ

"एवढ्यासाठी दोन वर्सं?" देवूने तो काळा धागा तळहातावर घेतला. हातभर लांबी, आणि वजन म्हणाल तर नावालाच.

"ओढून बघा, बाबा," हंसा म्हणाली. बोईसरच्या एका कारखान्यात सूत भट्टीत भाजून त्याचे कार्बनचे धागे करायचा प्रयोग तिच्याकडे होता. आजवरचा प्रत्येक धागा भट्टीतच तुटला होता. हा पहिलाच अखंड निघाला. उद्या मुंबईचे साहेब तो ताणून बघणार आणि प्रयोग चालू ठेवायचा की भट्टी विझवायची, ते ठरवणार. बापाने एकदा तरी बघावा म्हणून तिने तो रात्रीपुरता घरी आणला होता.

देवूने जोर लावून ओढला. जाळी विणून घट्टे पडलेले हात ते, पण धागा दाद देईना. म्हातारा खूश झाला.

"पोलादाला भारी हाय. आनि यातून वीजपन जाते," असं सांगून ती चहा टाकायला आत गेली.

त्या घरात नवं सूत आलं की पहिली गाठ वडीलधाऱ्याने मारायची, गावदेवीचं नाव घेऊन. त्याआधी सूत उंबऱ्याबाहेर जात नसे. देवूने नाव घेतलं, गाठ मारली आणि सवयीने आवळली.

हंसा चहा घेऊन आली, तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत एकेक तुकडा होता.

"मीच तोडला, पोरी. बिनगाठीचं सूत कसं धाडायचं, म्हनून..."

हंसाला रडू फुटलं. रागही आला, पण तो काढायचा कोणावर? जाळी विणणाऱ्याच्या हातात सूत दिलं, आणि ते गाठ सोसत नाही एवढंच सांगायचं राहिलं.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. रेडिओतले सेल काढले, टॉर्चचा बल्ब काढला, तारांनी ते दोन्ही तुकड्यांना जोडले. "तुटलेली टोकं एकमेकांना लावा. दाबून धरा."

देवूने ती चिमटीत धरली. बल्ब मंद, तांबूस पेटला.

"ताकद आता नाय दाखवता यायची, तानायच्या यंत्राला अख्खा धागा लागतो," हंसा म्हणाली. "हे दाखवीन."

"भट्टी इझवतील?"

"ठाऊक नाय."

देवूने चिमूट सैल केली नाही. "मंग उद्या तिथं टोकं कोन धरल?"

हंसा उठली, ट्रंकेतला त्याचा सणाचा सदरा काढला आणि झटकून खुंटीला लावला.